चिमुकल्या किड्यांवर चरणारा ट्राउट: कोणती ड्राय फ्लाय बांधावी?

प्लॅटकाठ

नमस्कार मंडळी,

मी डेन्व्हरला राहतो. सवड मिळाली की फ्लाय रॉड घेऊन (फ्लाय म्हणजे गळावर पीस-दोरा बांधून केलेला नकली किडा, ड्राय फ्लाय म्हणजे त्यातला पाण्यावर तरंगणारा) ट्राउट माशासाठी साउथ प्लॅट नदी गाठतो, कधी डेकर्सला, कधी वर चीझमन कॅन्यनमध्ये. ऑगस्ट संपत आलाय आणि सकाळी गेलं की हल्ली एकच प्रकार दिसतो. आठ-साडेआठला डोहाच्या शेवटाला, जिथे पाणी पसरट आणि संथ होतं, तिथे ट्राउट वर यायला लागतात. उडी नाही, खळबळ नाही. नुसतं नाक वर येतं, बारीकसं वर्तुळ उमटतं, की झालं. काही मासे तर काही सेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा तिथेच येतात. पाण्यावर नीट वाकून पाहिलं तरच किडे दिसतात, इतके ते लहान.

डबीत सध्या पॅराशूट ॲडम्स १६ आणि १८ नंबरच्या, एल्क हेअर कॅडिस, आणि ग्रिफिथ्स नॅट २० नंबरच्या, अशा फ्लाय आहेत. मासा ॲडम्सकडे येतो, तिच्याखाली तरंगत दोनेक फूट मागे जातो आणि वळतो. शेजारून वाहणारा खरा किडा मात्र निवांत उचलतो.

अशा वेळी फ्लाय निवडायची कशी? नुसती लहान करत जायची का? रंग बदलायचा? मराठीत यावर कुठे सविस्तर वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा. जाणकारांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

पाणकावळा

चांगला विषय काढलात. उत्तराआधी दोन गोष्टी सांगा. पाण्यावरचा किडा हातात घेऊन पाहिलात का? पाहिला असेल तर शेपट्या किती, पंख उभे की आडवे? आणि मासा वर येतो तेव्हा त्याचं नेमकं काय दिसतं: नाक, की पाठ आणि पर?

किडा पकडायला चहाची गाळणी न्या. चेष्टा नाही. फेसाची रेघ जिथून वाहते तिथे गाळणी अर्धी पाण्यात, अर्धी वर अशी मिनिटभर धरा. मासा जे खातोय तेच त्या रेघेतून येत असतं. हवेत काय उडतंय त्यावर जाऊ नका. हवेत हजारोंनी कॅडिस (पतंगासारखे पाणकिडे) असतात आणि मासे खात असतात भलतंच.

प्लॅटकाठ

काल गाळणी घेऊन गेलो. साडेनऊला धरली तेव्हा जाळीवर हे मिळालं: बरेच किडे, जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांब. छाती काळीभोर आणि फुगीर. पंख काचेसारखे आणि दोन्ही बाजूंना सपाट पसरलेले. शेपट्या तीन, अंगापेक्षा खूप लांब. काहींचं पोट काळं, काहींचं फिकट, जवळजवळ पांढरं. बहुतेक मेलेले किंवा मरायला टेकलेले. सोबत थोड्या रिकाम्या, पारदर्शक काती.

मासा वर येताना नाकच दिसतं. आणि हो, वर्तुळात एखादा बुडबुडा मागे राहतो.

पाणकावळा

मग तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या जाळीवरच आहे. हा ट्रायको. पूर्ण नाव ट्रायकोरिथोडीस, मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या किड्यांच्या कुळातला. काळं पोट नराचं, फिकट पोट अंडी घालून मोकळ्या झालेल्या मादीचं. अंडी पोटात असतात तेव्हा तिचं पोट हिरवट दिसतं.

मेफ्लायची गंमत अशी की पाण्यातून पंख घेऊन बाहेर पडल्यावरही तो पुन्हा एकदा कात टाकतो. पहिल्या कातीनंतरचा तो डन: पंख धुरकट, शिडासारखे उभे. दुसऱ्या कातीनंतरचा स्पिनर: पंख स्वच्छ, शेपट्या लांब, अंग चकचकीत. ट्रायकोच्या बाबतीत हे सगळं एका सकाळीत आटोपतं. नर साधारण रात्रीच बाहेर पडतात, माद्या पहाटेनंतर. हवा तापत विशीच्या आसपास सेल्सिअस झाली की खळाळाच्या वर थवे नाचायला लागतात, मीलन होतं, माद्या अंडी सोडतात आणि पंख पसरून पाण्यावर पडतात. तुम्ही साडेनऊला पाहिलंत ते हे पडलेले स्पिनर.

आता मासा काय करतोय बघा. स्पिनर उडून जाऊ शकत नाही, त्यामुळे ट्राउटला घाई नसते. एवढ्याशा घासासाठी जोर लावला तर खाल्लेलं अंगी लागणार नाही. म्हणून तो पृष्ठभागाच्या अगदी जवळ येऊन थांबतो, नाक किंचित वर करतो आणि ओघाने येतील ते एकेक उचलतो. नाक हवेत आलं म्हणजे तोंडात हवाही जाते आणि ती कल्ल्यांतून बाहेर पडते, तो तुमचा बुडबुडा. म्हणून नाक आणि बुडबुडा दिसला की किडा पाण्याच्या वर आहे असं समजा. नुसती पाठ आणि पर दिसले, नाक दिसलंच नाही, तर मासा पाण्याच्या पापुद्र्याखाली (पृष्ठभागाच्या पातळ थराखाली) अडकलेलं काहीतरी खातोय. शिंतोडे उडवत आला तर शिकार पळणारी आहे, बहुतेक कॅडिस.

तेव्हा माझं सांगणं एवढंच की फ्लाय निवडताना आधी विचारायचं, किडा पाण्याच्या पापुद्र्यात कसा बसलाय? उभा आहे, आडवा पडलाय, की अर्धा आत लोंबकळतोय? मग आकारमान. रंग सगळ्यात शेवटी. तुमच्या पॅराशूट ॲडम्सचा उभा पांढरा पंख आणि गोल पसरलेलं पीस हे डनचं रूप आहे. तो मासा त्या वेळी उभा पंख असलेलं काही खातच नाही. ती फ्लाय वाईट नाही. लेन हॅलडे यांनी १९२२ मध्ये मिशिगनमध्ये बांधलेली ॲडम्स अजून जगभर चालते ती उगाच नाही. पण साडेनऊच्या ट्रायकोला ती लागू नाही.

बांधायचं काय: २२ नंबरचा गळ, शक्य तर आखूड दांड्याचा आणि रुंद तोंडाचा, म्हणजे एवढ्याशा गळालाही मासा धरून राहतो. शेपटीला तीन ताठ तंतू, एकमेकांपासून फाकवलेले. पोट नुसत्या दोऱ्याचं, नराला काळं, मादीला फिकट. छातीला काळ्या डबिंगचा, म्हणजे दोऱ्यावर पिळलेल्या मऊ तंतूंचा, छोटा गोळा. पंख पांढऱ्या पॉली धाग्याचे, दोन्ही बाजूंना सपाट, आणि विरळ! दुकानातल्या बहुतेक स्पिनरचे पंख दुप्पट जाड असतात. मी नवीन फ्लायचे पंख कात्रीने निम्मे करूनच वापरतो.

रानफुल

मी मासेमारी करत नाही, पण वाचतेय आणि मजा येतेय. नंबर मोठा म्हणजे फ्लाय लहान, बरोबर ना? २२ नंबर दिसते तरी कशी? आणि ती पाण्यावर तुम्हाला दिसते का?

पाणकावळा

बरोबर. नंबर वाढत जातो तसा गळ लहान होतो. २२ नंबरची फ्लाय करंगळीच्या नखावर ठेवली तरी चारी बाजूंना जागा उरते.

आणि नाही, स्पिनर मला पाण्यावर दिसत नाही. तो पापुद्र्याला चिकटून पडतो आणि वर काही उभं नसतं. दोन उपाय. एक, पुढे १६ नंबरची पांढऱ्या पंखाची फ्लाय बांधायची आणि तिच्या गळाच्या वळणाला दीडेक फूट टिपेट (दोरीच्या टोकाला लावायचा बारीक धागा) बांधून मागे स्पिनर सोडायचा. पांढरा पंख दिसतोय त्याच्या फूट-दीड फुटात मासा वर आला की रॉड उचलायचा. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: एकच फ्लाय, आणि ती कुठे पडली याचा अंदाज. त्या टापूत नाक दिसलं की हळूच रॉड वर. हिसका नको, नुसता ताण.

हॅम्पशायरकर

पाणकावळा यांचं विवेचन उत्तम आहे, पण मी थोडा वेगळा सूर लावतो. मी दक्षिण इंग्लंडात टेस्ट आणि इचिन या खडूच्या खडकातून झऱ्यांनी येणाऱ्या नद्यांवर मासेमारी करत म्हातारा झालो. आमच्याकडे ट्रायकोची जागा केनिस घेतो. तोही पांढुरका, इतका बारीक आणि इतका अमाप की इथले लोक त्याला मासेमाराचा शाप म्हणतात. उन्हाळ्याच्या संध्याकाळी कोटाच्या बाहीवर बसून कात टाकतो आणि तिथेच ती कात चिकटवून जातो.

माझं मत असं की अशा वेळी दहा नकारांतले सात-आठ तरी फ्लायमुळे नसतात, ओढीमुळे असतात. ही ओढ, म्हणजे ड्रॅग: दोरीमुळे फ्लाय पाण्याच्या गतीपेक्षा किंचित वेगळ्या गतीने किंवा तिरकी सरकणं. मोठी ओढ सगळ्यांना दिसते, फ्लायमागे रेघ उमटते. पण अर्ध्या इंचाची ओढ काठावरून दिसत नाही आणि चार इंचांवरून पाहणाऱ्या ट्राउटला मात्र दिसते. फ्लाय जितकी लहान तितकी टिपेटची ताठरता तिला जास्त खेचते. १४ नंबरची फ्लाय टिपेटला जुमानत नाही, २२ नंबरची जुमानते.

म्हणून फ्लाय बदलण्याआधी हे करून बघा. टिपेट चार फुटांपर्यंत लांब करा. ६ एक्स असेल तर ७ एक्स घ्या. अकरातून एक्सचा आकडा वजा केला की जाडी हजारांश इंचात मिळते, म्हणजे ६ एक्स पाच हजारांश, ७ एक्स चार हजारांश. एवढ्याशा फरकाने लवचिकता बरीच वाढते. टिपेट पाण्यावर सैल वेटोळ्यांत पडू द्या. आणि जागा बदला. माझ्या बीटवर, म्हणजे मला नेमून दिलेल्या नदीच्या पट्ट्यावर, फक्त प्रवाहाच्या वरच्या दिशेने फ्लाय टाकायचा नियम आहे, त्यामुळे मला पर्याय नाही. तुम्हाला आहे. माशाच्या वरच्या बाजूला, तिरकं उभं राहा आणि खाली फ्लाय सोडा. माशाला आधी फ्लाय दिसते, दोरी नंतर.

प्लॅटकाठ

काका, मुद्दा पटला. पण नदीवर उभं असताना कळायचं कसं, की नकार फ्लायला आहे की ओढीला?

पाणकावळा

माशाच्या वागण्यातून बरंच कळतं. काकांशी माझा वाद फारसा नाही, फक्त क्रमाचा आहे.

मासा जागचा हललाच नाही तर फ्लाय त्याच्या वाटेवरून गेलीच नाही. आधी नेम सुधारा. मासा वर आला, जवळ आला आणि शेवटच्या क्षणी जोरात वळला, पाणी ढवळलं, तर तिथे फ्लाय सरकली, ओढ आहे. आणि मासा फ्लायखाली तिच्याच गतीने मागे मागे वाहत गेला, निरखत राहिला आणि शांतपणे परत गेला, तर वाहणं ठीक आहे, रूप पटलेलं नाही. पहिल्या पोस्टीत तुम्ही लिहिलंय, दोनेक फूट मागे जातो आणि वळतो. म्हणूनच मी फ्लायवर बोट ठेवलं.

खात्री करायची असेल तर शेजारून जाणारा फेसाचा एक ठिपका पकडा. फ्लाय आणि ठिपका बरोबरीने गेले, तरी मासा नाही म्हणतोय, तर फ्लाय बदला.

अपवर्तन

एक भौतिकशास्त्राचा मुद्दा. पाण्यातून वर पाहणाऱ्या डोळ्याला बाहेरचं अख्खं जग एका गोल खिडकीतून दिसतं. त्या शंकूचा कोन सुमारे ९७ अंश असतो, म्हणजे खिडकीचा व्यास डोळ्याच्या खोलीच्या साधारण सव्वादोन पट. खिडकीपलीकडे पाण्याचा पृष्ठभाग खालून आरसा असतो, त्यात तळाचं प्रतिबिंब दिसतं.

तुमचा ट्राउट १५ सेंटिमीटर खाली असेल तर त्याची खिडकी जेमतेम ३४ सेंटिमीटरची. ६० सेंटिमीटर खाली असता तर १३५ ची झाली असती. मासेमारीत याचा काय उपयोग ते तुम्ही जाणकारांनी सांगा.

पाणकावळा

उपयोग खूप आहे, धन्यवाद.

पहिला: बारीक किडे खाताना मासा वर येऊन थांबतो, म्हणजे खिडकी लहान करून घेतो. फ्लाय अर्धा फूट बाजूने गेली तर त्याच्या हिशेबी ती गेलीच नाही. किडे मुबलक असताना तो बाजूला सरकत नाही. त्यामुळे नाकाच्या रेषेत, फूट-दोन फूट वरून फ्लाय सोडायची. जास्त वरून सोडली तर तोवर ओढ लागते.

दुसरा उपयोग जास्त मोलाचा आहे. डन पापुद्र्याच्या वर पायांवर उभा असतो. खिडकीबाहेर असताना माशाला तो दिसत नाही, आरशावर त्याच्या पायांचे चमकते खळगे तेवढे दिसतात. पण एमर्जर, म्हणजे कातीतून अर्धवट बाहेर पडलेला किडा, पापुद्र्यातून खाली लोंबकळतो. त्याचं अंग पाण्यात असतं, ते आरशाखाली लांबूनच दिसतं. शिवाय तो अडकलेला असतो. सोपा घास आणि आधीपासून दिसणारा. संथ पाण्यात डन ढिगाने वाहत असताना ट्राउट एमर्जरच निवडतो, त्यात मला हे मोठं कारण वाटतं.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तुमच्या नदीवर ढगाळ दुपारी ब्लू विंग्ड ऑलिव्ह नावाच्या मेफ्लाय निघतील, १८ ते २२ नंबर, शेपट्या दोनच. तेव्हा हे लक्षात ठेवा. पाठ-पर दिसले तर आरएस-टू बांधा. ती रिम चंग यांनी कोलोरॅडोत, साउथ प्लॅटसाठीच बांधलेली फ्लाय. अंग सडपातळ, पंखाचा नुसता कोंब, दोन फाकलेल्या शेपट्या. नाक दिसलं तर स्पार्कल डन किंवा कॉम्पॅरॅडन. यांना गोल गुंडाळलेलं पीस नसतंच, हरणाच्या केसांचा पंख्यासारखा पंख असतो आणि पोट थेट पापुद्र्यावर टेकतं. स्पार्कल डनला शेपटीऐवजी चमकत्या धाग्याची कात असते. थंड, दमट हवेत पंख वाळायला वेळ लागतो, डन पाण्यावर जास्त वेळ वाहतात, तेव्हा हीच फ्लाय दुपार काढून देते.

गोरची_मेघा

न्यूझीलंडहून सलाम! मी साउथलंडमध्ये गोरला राहते. गावातून मताउरा नदी जाते आणि गावात ब्राउन ट्राउटचा भला मोठा पुतळा आहे. हॅम्पशायरकर काका, आमचे मासे मुळात तुमच्याकडचेच. १८६४ मध्ये अंडी बर्फात ठेवून जहाजाने इंग्लंडहून टास्मानियाला नेली, त्यात इचिनचीही होती, आणि १८६७ मध्ये तिथून न्यूझीलंडला आली.

इथली एक गोष्ट सांगते, कारण पाण्यावरचा बारीक घास नेहमी पाण्यातूनच येतो असं नाही. भर उन्हाळ्यात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, काठावरच्या विलोच्या पानांवर लालसर गाठी दिसतात. त्या गाठीत सॉफ्लायची अळी असते. ती पिवळसर, काही मिलिमीटरची अळी बाहेर पडून पाण्यात टपटपते. ट्राउट झाडाच्या सावलीत येऊन उभा राहतो आणि तासन्‌तास नुसत्या अळ्या टिपत बसतो. त्या वेळी त्याच्या पुढ्यातून सुंदर मेफ्लाय गेली तरी तो ढुंकून पाहत नाही. नवखा माणूस हवेत मेफ्लाय शोधत राहतो. पान उलटून बघितलं की उकल होते.

फ्लाय अगदी साधी: १८ किंवा २० नंबरच्या गळावर पिवळा दोरा, पुढे तपकिरी डोकं. पंख नाही, शेपूट नाही. अवघड काम तिला पापुद्र्यात तरंगत ठेवण्याचं. बुडली तर मासा घेत नाही, उंच तरंगली तरी घेत नाही. मी फक्त पुढच्या भागाला बोटाने कणभर ग्रीज लावते. आणि टिपेटला मुळीच नाही. तरंगणारं टिपेट लख्ख उन्हात पाण्यावर ठळक रेघ पाडतं.

तसंच मुंग्या आणि भुंगे. वाऱ्याच्या दुपारी १८ नंबरची काळी मुंगी जवळ ठेवा. बारीक किड्यांवर हटून बसलेला मासाही पुष्कळदा मुंगी नाकारत नाही.

हॅम्पशायरकर

मेघाताई, इचिनचा उल्लेख वाचून फार बरं वाटलं. मुंगीबद्दल शंभर टक्के सहमत.

तीर्थन_वेडा

मी नाशिकचा, पण मार्च-एप्रिल आणि पावसाळा सरल्यावर हिमाचलात तीर्थन खोऱ्यात जातो. आपल्याकडच्या वाचकांसाठी थोडं. कुल्लू भागात ब्राउन ट्राउट इंग्रजांनी १९०९ च्या सुमारास आणला. काश्मीरमध्ये त्याच्या आधीच आला होता. तीर्थन लारजीला बियासला मिळते. मत्स्य विभागाचा परवाना लागतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटसाठी बंदी असते.

वर जे वाचतोय ते तीर्थनला थोडं वेगळं लागू पडतं. तिथे पाणी धोंड्यांमधून आदळत येतं. माशाला फ्लाय निरखायला क्षणभरच मिळतो. १४-१६ नंबरची, भरपूर पिसाची, उंच तरंगणारी फ्लाय तिथे चालते, कारण फेसात ती मला आणि माशाला दोघांना दिसते. पण पाणी उतरल्यावर धोंड्याआडच्या संथ पट्ट्यांत संध्याकाळी काळी चिलटं निघतात, तेव्हा मासा तुमच्या साउथ प्लॅटच्या माशाइतकाच चोखंदळ होतो. म्हणजे चोखंदळपणा माशाच्या स्वभावात कमी आणि पाण्याच्या वेगात जास्त. माझं मत.

पाणकावळा

अगदी बरोबर. म्हणूनच मासे संथ पाण्यात दाद देत नसतील तर मी कधीकधी शंभर पावलं वर, खळाळाच्या कडेला जातो. तोच किडा, तोच स्पिनर, पण पाणी हलतं असल्यामुळे मासा कमी तपासतो.

सिंहगड_रोड

भाबडा प्रश्न: आपल्या सह्याद्रीत ट्राउट का नाही? मुळशी, कोयनेला पाणी गार असतं की.

तीर्थन_वेडा

ट्राउटला गार म्हणजे फार गार लागतं. पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. आपल्याकडचं पाणी उन्हाळ्यात त्याच्या पलीकडे जातं. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या उंचीवर ट्राउट रुजवला गेला, पण तो रेनबो जातीचा. सह्याद्रीत आपले देशी मासे आहेत आणि ते खूप सुंदर आहेत. तिथे बाहेरचा मासा नसलेलाच बरा.

हॅम्पशायरकर

२० अंशांचा विषय निघाला म्हणून कळकळीने लिहितो. बारीक फ्लाय म्हणजे बारीक टिपेट, आणि बारीक टिपेटवर मासा जास्त वेळ झुंजवला जातो. ऑगस्टमध्ये खिशात थर्मामीटर ठेवा. पाणी वीसला पोचलं की दोरी गुंडाळा, मासे कितीही वर येत असले तरी. सोडून दिलेला मासा पोहत गेला म्हणजे वाचला असं नाही. ७ एक्स तुटेल या भीतीने दोरी सैल ठेवून खेळवत बसू नका. मऊ टोकाचा रॉड घ्या, बाजूने ताण द्या, मासा लवकर थकवा आणि रबरी जाळीत घ्या. गळाचा काटा पक्कडीने दाबून टाका. काढणं एका क्षणाचं काम होतं.

गोरची_मेघा

+१. आणि नदी बदलताना बूट, जाळी, सगळं तपासा, धुवा, वाळवा. आमच्याकडे २००४ मध्ये वायाऊ नदीत डिडिमो शेवाळ सापडलं, तेव्हापासून दक्षिण बेटावर किती नद्यांचा तळ त्याने झाकला ते डोळ्यांनी पाहिलंय. नमद्याच्या तळाच्या बुटांवर इथे बंदी आहे, कारण ते वाळता वाळत नाहीत.

प्लॅटकाठ

मंडळी, शनिवारी गेलो होतो. पाणी सकाळी १३ अंश. काठावर बसून आधी नुसतं पाहिलं. साडेआठपर्यंत पाठी आणि पर, थोडे उभ्या पंखांचे किडे. नवाच्या पुढे नाकं सुरू झाली. काळ्या पोटाचा स्पिनर, २२ नंबर, पंख निम्मे कापलेले, ७ एक्स चार फूट. काका म्हणाले तसा माशांच्या वर तिरका उभा राहिलो. डाव्या काठाच्या दगडाजवळचा मासा फेसाच्या रेघेत होता, त्याने दुसऱ्यांदा फ्लाय गेली तेव्हा उचलली. ब्राउन, सव्वा फुटाच्या आसपास. त्याच्या मागचा मोठा मासा मात्र शेवटपर्यंत आला नाही. तो खातोय आणि माझी फ्लाय त्याच्यावरून नीट वाहतेय, तरी नाही.

साडेदहानंतर नाकं दिसेनाशी झाली, पण मासे पाण्यात हलताना दिसत होते, बाजूला सरकून काहीतरी घेत होते. ते काय असावं?

आणि सीडीसीच्या फ्लाय दोन फेकींत बुडायला लागतात. त्यावर उपाय?

पाणकावळा

साडेदहानंतरचे ते बुडालेले स्पिनर. खळाळातून खाली येताना ते पापुद्र्याखाली ओढले जातात आणि मासे तासभर तरी ते खात राहतात. हीच फ्लाय पंख बोटांत दाबून ओली करा आणि तिच्यापासून आठ इंच वर सर्वांत बारीक शिशाचा मणी लावा. मग ती ड्राय फ्लाय राहत नाही हे कबूल, पण मासा जिथे खातोय तिथे जायचं.

मोठ्या माशाबद्दल: बहुधा तो त्या वेळी फिकट पोटाच्या मादीवर बसला होता. उशिरा पडणाऱ्या माद्यांच्या वेळी फिकट पोट लावून बघा. तरीही नाही आला तर त्याच्या खाण्याची लय मोजा. दर आठ सेकंदांनी वर येत असेल तर सातव्या सेकंदाला फ्लाय त्याच्या डोक्यावर हवी. किडे इतके दाट असताना तो तोंड मिटून असताना गेलेली फ्लाय वाया जाते.

सीडीसी म्हणजे बदकाच्या शेपटीजवळच्या तैलग्रंथीभोवतीचं पीस. त्याचे बारीक तंतू हवा धरून ठेवतात म्हणून ते तरंगतं. त्याला जेल लावलं की तंतू चिकटतात आणि हवा जाते. जेल अजिबात नको. मासा लागला की फ्लाय पाण्यात खळखळवून बुळबुळीतपणा धुवा, कोरड्या सुती कापडात किंवा अमाडूच्या (पाणी शोषणाऱ्या वाळक्या बुरशीच्या) तुकड्यात दाबा, मग पांढरी सिलिकाची पूड ब्रशने घासा. पिसं पुन्हा फुलतात.

प्लॅटकाठ

हे अगदी कामाचं आहे. आता शेवटचं विचारतो. डिसेंबर-जानेवारीत डेकर्सला नदी गोठत नाही, तेव्हाही मासे वर येतात म्हणे. तेव्हा काय?

पाणकावळा

येतात. डेकर्स चीझमन धरणाच्या खाली आहे. धरणाखालच्या पाण्याचं तापमान फारसं हेलकावे खात नाही, त्यामुळे चिलटं, म्हणजे मिज, बारा महिने निघतात. हिवाळ्यात साधारण अकरा ते तीन, ऊन असेल आणि वारा नसेल त्या दिवशी. मिजला शेपटी नसते, पंख पाठीवर सपाट मिटलेले असतात. मासे सगळ्यात संथ पाण्यात असतात आणि फारच थोडे वर येतात. म्हणून चालत हिंडण्यापेक्षा एका डोहाशी थांबा.

पाठ दिसली तर कोष बांधा: २४ नंबर, काळा दोरा, डोक्याशी पांढऱ्या सीडीसीचा चिमटीभर झुबका, म्हणजे बाकी अंग पाण्यात उभं लोंबतं. नाक दिसलं तर ग्रिफिथ्स नॅट. ती तुमच्याकडे आहेच. ट्राउट अनलिमिटेड या मासे-नद्या जपणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या संस्थापकांपैकी जॉर्ज ग्रिफिथ यांचं नाव तिला आहे. मोराच्या पिसाच्या तंतूंचं अंग, त्यावर कोंबड्याचं करडं-पांढरं पीस गुंडाळलेलं. एकमेकांना चिकटून वाहणाऱ्या मिजच्या घोळक्यासारखी दिसते, त्यामुळे २० नंबरही चालतो. मासा नाकारत असेल तर पिसाची खालची बाजू कात्रीने सपाट कापा, ती पापुद्र्यात बसते आणि एकटा मिज होते. थंडीत रॉडच्या कड्यांत बर्फ धरतो, तो बोटाने चोळून काढा, उपटू नका. चीझमनला जाणार असाल तर गिल ट्रेल ही पायवाट सावलीत गोठलेली असते, बुटांना खिळ्यांचे पट्टे लावूनच उतरा.